चिंचेनं घासलेली रायफल

नवरा गेला आणि रायफल माझ्या गळ्यात पडली. सातबाऱ्यावर नाव लागायला वर्ष गेलं, घराचा उतारा तर अजून तलाठ्याच्या मनात आहे, पण रायफलीचा निरोप तेराव्याच्या आधीच दारात आला. परवाना ज्याच्या नावावर तो मयत, तेव्हा वारसानं हत्यार ठाण्यात जमा करावं. निरोप आणणाऱ्या पोलिसाला मी म्हटलं, "आत्ताच न्या. भिंतीतले खिळेसुद्धा उपटून न्या." तो बिचारा हसावं की न हसावं या पेचात उभा राहिला. घरात सुतक होतं.

तो जिवंत होता तोवर मी त्याला 'हे' म्हणायचे. आता लिहिताना 'नवरा' लिहिते. एवढी मोकळीक घ्यायला मला साठी उलटावी लागली.

आमचं गाव आष्टी तालुक्यात, कडा गावापासून आत, डोंगराच्या अंगाला. वारा इकडचा असला की साखर कारखान्याचा भोंगा ऐकू येतो. सासऱ्यांची जमीन बरीच, आणि नवरा पुढारी. सोसायटी, पंचायत, कारखाना, जिथं म्हणून मतदान होतं तिथं तो असायचाच. आणि घरात रायफल. सासऱ्यांनी ती निजामाच्या राज्यात हैदराबादेहून आणली होती. तिचं पहिलं लायसन्स उर्दूत होतं, ते कुणालाच वाचता येत नसे, म्हणून त्याचा मान जास्त. सगळं गाव तिला 'जर्मन' म्हणायचं. अमक्याच्या घरी जर्मन हाय, एवढ्या वाक्यावर आमच्या घराची निम्मी प्रतिष्ठा उभी होती.

माजघरात दोन खिळ्यांवर ती आडवी टांगलेली असायची, आणि खिळे बरोबर चुलीसमोरच्या भिंतीत. भाकरी थापताना मान वर केली की पहिली तीच दिसायची.

नवऱ्यानं माझ्यावर ती कधी रोखली नाही. हे मी माहेरी सांगत आले, मुलीला सांगत आले, स्वतःलाही सांगत आले. रोखली नाही, तो फक्त साफ करायचा. आमचं काही बिनसलं, मी उलट बोलले, माहेरची चिठ्ठी आली, की तो काही न बोलता उठायचा, रायफल काढायचा, बाजेवर बसायचा आणि फडकं मागायचा. फडकं मीच आणून द्यायचं. मग तेलाची बाटली. मग बोल्ट, म्हणजे नळीमागची खिट्टी, उघडायचा: खट. बंद करायचा: खटाक. उघडताना हलका जायचा आणि बंद करताना जोर लागायचा, कारण आतली स्प्रिंग बंद करतानाच ताणली जायची. सगळं झालं की रिकामा घोडा ओढून स्प्रिंग मोकळी करायची: टक. खट, खटाक, टक. या तीन आवाजांत माझं तोंड बंद व्हायचं. ओरडणाऱ्या नवऱ्याची तक्रार तरी करता येते. साफसफाई करणाऱ्या नवऱ्याची काय तक्रार करणार?

मला निवडणुका फार आवडायच्या, ते याचमुळे. आचारसंहिता लागली की परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा. नवरा फटफटीवर रायफल आडवी बांधून आष्टीला जायचा आणि पावती घेऊन यायचा. मग निकाल लागेपर्यंत भिंतीवर नुसते दोन खिळे. त्या दिवसांत मी माहेरी जायचं विचारायचे, चार शब्द उलट बोलायचे, एकदा तर ताट आपटलं होतं. गावात कुणी म्हणालं की या रोजच्या निवडणुकांनी वैताग आणलाय, तर मी मनात म्हणायचे, येऊ द्या अजून चार.

घरात तिला हात लावायचा मान आणखी एका माणसाला होता, माझ्या सासूला, आत्याबाईंना. खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं पूजेला मांडतात. विळे, कोयते, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ, आणि मधोमध पाटावर रायफल. पूजेआधी घासणं आलं. सासरे, आणि त्यांच्यामागं नवरा, बोल्ट बाहेर काढून, स्प्रिंग आणि पिन सुटी करून परातीत ठेवायचे आणि चहाला उठून जायचे. आत्याबाई पाट्याजवळ बसून चिंचेच्या कोळानं नि राखेनं एकेक तुकडा घासायच्या. देवाची भांडी घासावीत तशी रायफल घासायची, आणि दुसरी कशी घासतात हे आमच्या घरात कुणाला माहीतही नव्हतं. अख्खी सकाळ त्यात जायची. मी दोनतीनदा म्हटलं, "आत्याबाई, द्या इकडं, मी घासते."

"तुला न्हाई जमायचं," त्या मान वर न करता म्हणायच्या. "ह्यात बारीक काम हाय."

बारीक काम. मला हसू यायचं. चिंच लावून लोखंड घासायला काय बारीक काम लागतं? मग पूजा, हळद, कुंकू, झेंडूचं फूल. कुंकू तेलावर बसायचं ते तिथंच राहायचं, आणि पुढच्या वर्षी त्यावर नवं. नळीच्या मुळाशी त्याचा लाल-काळा थर साचला होता.

आता ती दुपार सांगते. तिच्याशिवाय पुढचं काही सांगता येत नाही.

मुलगी तीन वर्षांची होती. मला गावच्या अंगणवाडीची ऑर्डर आली. बारावी शिकून आलेली गावात मी एकटीच सून, त्यामुळे मिळाली यात नवल नव्हतं. नवऱ्यानं ती वाचली, घडी केली आणि त्या घडीवरच फाडली. चार तुकडे व्यवस्थित एकावर एक ठेवले. मी आत गेले, पिशवीत दोन लुगडी, मुलीची झबली कोंबली, तिला कडेवर घेतलं आणि बाहेर पडले. फाट्यावरून तीनची एसटी होती. आत्याबाई ओसरीवर पाट्यापाशी कारळ्याची चटणी वाटत होत्या. मी त्यांच्यासमोरून गेले, तरी वरवंटा थांबला नाही. मागं माजघरात बाज करकरली. उंबऱ्याबाहेर एक पाय पडला तेव्हा पाठीमागं झालं: खट. खटाक. आणि जरा वेळानं, टक.

रोजचेच आवाज. फडकं न मागता साफसफाई, एवढाच फरक. मी वळून पाहिलं. तो बाजेवर बसला होता, रायफल मांडीवर, आणि रायफलीकडंच बघत होता. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, राग. मी तशीच उभी राहिले, एक पाय आत, एक बाहेर. आत्याबाईंनी वरवंटा थांबवला. मान खालीच होती.

"भाकर खाऊन जा," त्या म्हणाल्या.

मी आत आले. मुलीला खाली ठेवलं, पिशवी खुंटीला अडकवली आणि भाकरी खाल्ली. तीनची एसटी गेली. त्यानंतर मी तशी पिशवी कधी भरली नाही.

गंमत अशी की त्या दिवसापासून नवऱ्यानं रायफल काढायची बंद केली. खंडेनवमी आणि निवडणूक सोडली तर ती भिंतीवरून हलली नाही. मी याचं श्रेय स्वतःला घेतलं. म्हटलं, मी थांबले, नमतं घेतलं, म्हणून याचं डोकं शांत झालं. मुलीच्या लग्नात तिला उपदेशसुद्धा केला, जरा धीर धरावा, माणूस बदलतो. आणि आत्याबाईंचा मात्र मनात राग धरला, त्या वारल्या तरी सुटला नाही. नातीला कडेवर घेऊन सून घर सोडून चाललीय आणि या बाईला चटणीचं पडलंय. लेकाला एक शब्द बोलली नाही. वर मला भाकर खा म्हणते.

तर नवरा गेला, रायफल ठाण्यात गेली. मला वाटलं, सुटले. मुलगी पुण्याहून रोज फोन करत होती, आई, आता ये, एकटी काय करतेस तिथं. मी म्हटलं, दिवाळीला येते ती कायमचीच.

मग परवान्याच्या ऑफिसातून बोलावणं आलं. मेजावरचा माणूस तरुण होता, आमच्याच भागातला, आणि बोलायला वाईट नव्हता. त्यानं कागद माझ्यापुढं सरकवला.

"मावशी, लायसनवर लिवलंय, जर्मन, आठ एमएम. ठाण्यातल्या रायफलीबरोबर पाच काडतुसं जमा हायती, ती साडेसहाची. आठच्या नळीला साडेसहाचं काडतूस कावून ठिवलं आसंल कुणी?"

"मला काय माहीत? मी तिला हात लावला नाही कधी."

"म्हंजी कागदावरची बंदूक येगळी न् ठाण्यातली येगळी. मग कागदावरची कुठं हाय? आन ही कुठली?"

या दोन प्रश्नांनी मला जे धरलं ते सहा महिने सोडलं नाही. जी रायफल होती तिचा कागद नव्हता, आणि ज्या रायफलीचा कागद होता ती नव्हती. मी दोन्हींची वारस. बिनकागदाची बंदूक म्हणजे बेकायदा शस्त्र. कागदावरची हरवली म्हणावं, तर कुणाच्या हाती लागली ते सांगा. लेखी नोटीस आली: खुलासा करावा, तोवर विचारल्याशिवाय तालुका सोडून जाऊ नये, खुलासा समाधानकारक नसल्यास गुन्हा दाखल होईल. जन्मभर नवऱ्याला विचारल्याशिवाय गाव सोडलं नाही, आता ऑफिसला विचारल्याशिवाय तालुका सोडायचा नाही. फरक काय पडला? दिवाळी गेली. संक्रांत गेली. मुलगी म्हणाली, "वकील बघू का?" मी म्हटलं, बंदुकीला वकील, मला कोण?

खरं सांगते, मी घाबरले होते. भिंतीवर खिळेच उरले होते, तरी भाकरी थापताना मान वर करायला नको वाटायचं. नवऱ्याच्या हयातीत निदान ती कुणाची हे ठाऊक होतं.

शेवटी त्याच मेजावरच्या माणसानं वाट सांगितली. परवाना असलेल्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडून रायफल ओळखून घ्या: कुठल्या देशाची, कुठल्या बोअरची, म्हणजे नळीचं भोक केवढं, नंबर काय, आजची किंमत काय. त्याचं पत्र आणा. बीडपेक्षा आम्हाला नगर जवळ, आणि तिथं एक जुना माणूस आहे. परवानगी निघाली. ठाण्यातून एक पोलीस रायफल घेऊन येणार, मी सोबत, संध्याकाळच्या आत परत.

पोलीस पोरगेलाच होता. रायफल खताच्या पोत्यात गुंडाळून त्यानं जीपमध्ये पायाशी ठेवली. "लई जड हाय मावशी," तो म्हणाला. "इतकी जड बंदूक घिऊन मानूस शिकार कधी करनार?"

"शिकार घरीच असली की वजनाचं काय," मी म्हटलं. त्याला कळलं नाही, आणि बरंच झालं.

दुकान नगरच्या जुन्या बाजारात, एका बोळात. पुढं कुलपं नि टॉर्च विकायला, मागं दुरुस्ती. माणूस सत्तरीचा, डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग. पोलिसानं कागदावर सह्या घेतल्या, रायफल नि काडतुसांचा डबा टेबलावर ठेवला आणि दारातल्या स्टुलावर मोबाईल काढून बसला.

"काय म्हणता घरी हिला?" म्हाताऱ्यानं मला विचारलं.

"जर्मन."

"ताई, सगळ्यांच्या घरची जर्मनच असती." त्यानं पोतं बाजूला केलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा. ही कुणी घासली?"

"सासूबाईंनी. खंडेनवमीला. चिंचेनं."

"किती वर्षं?"

"मी यायच्या आधीपासून."

त्यानं नळीवरून अंगठा फिरवला. लोखंडाला मुळात निळसर काळा रंग असतो, म्हणाला, तो म्हणजे बंदुकीची कातडी. चिंचेनं तो खाल्ला, राखेनं उरलासुरला नेला, आणि त्यासोबत वरची अक्षरंही निम्मी गेली. हौशी लोक जुन्या बंदुका जमवतात, ते आधी हा रंग बघतात. "हिची अर्धी किंमत तुमच्या सासूबाईंनी परातीत धुतली," तो म्हणाला. मला का कोण जाणे, बरं वाटलं.

मग त्यानं ती ओळखायला घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्याकडं नीट बघितलं. दस्त्याच्या लाकडात पितळेची एक चकती होती, रुपयापेक्षा जरा मोठी. मी ती शोभेची समजत होते. तो म्हणाला, ही चकती स्वीडनच्या फौजेची खूण. नळीची आतून झीज किती झाली, ते तिच्यावर आकड्यांत खोदून ठेवायचे, म्हणजे शिपायाला आपली बंदूक कळावी. त्यानं बोल्ट मागं ओढला आणि डाव्या भिंतीतली एक गोल खाच माझ्या बोटानं चाचपायला लावली. काडतुसं दाबून भरताना अंगठा जावा म्हणून ही खाच. फौजेच्या रायफलीला ती असते. त्याच कारखान्यात शिकारी लोकांसाठी वेगळ्या रायफली व्हायच्या, त्यांना बहुधा नसते. म्हणजे ही जन्मानं फौजी. पण फौजी रायफलीचं लाकूड पार नळीच्या तोंडापर्यंत जातं, हिचं मधेच कापलं होतं. नळी चांगली वीतभर छाटली होती. बोल्टाची मूठ सरळ असायची, ती तापवून वाकवली होती.

"हे कारखान्यात केलं असतं तर किंमत आली असती," तो म्हणाला. "फौजेनं काढून टाकलेल्या रायफली कारखाने विकत घ्यायचे, नवं लाकूड घालायचे, शिकारी रायफल म्हणून विकायचे. ते काम बघितलं की कळतं. हे बघा, नळी करवतीनं कापली, तोंड कानशीनं गोल केलं, नेमाची माशी डाग देऊन बसवली. ही कुणा कारागिरानं गिऱ्हाईकासाठी साहेबी थाटाची करून दिली. जशीच्या तशी ठेवली असती तर आज बाहेर लोक तिला डोक्यावर घेऊन नाचले असते."

"म्हणजे जर्मन नाहीच?"

"आराखडा जर्मन, बनावट स्वीडनची. कारकुनानं ऐकलं असंल जर्मन, लिहिलं जर्मन. आणि बोअर म्हणाल, तर ही साडेसहाचीच. तुमची काडतुसं हिचीच आहेत."

मी म्हटलं, "ते ठीक. पण ही तीच, हे मी कसं सांगू? कागदावर नंबरही आहे." आणि लायसन्सची झेरॉक्स त्याच्यापुढं ठेवली.

त्यानं नंबर वाचला, रायफलीच्या माथ्यावर भिंग धरलं आणि पहिल्यांदाच हसला. माथ्यावर मुकुटाची पुसट खूण होती, तिच्याखाली पुसट चार आकडे. लायसन्सवरचा नंबर तोच. "ताई, हा नंबर नाही. हे साल आहे, रायफल बनली ते साल. कारकुनाला वर जे ठळक दिसलं ते त्यानं लिहिलं, आणि पुढच्या प्रत्येकानं त्याची नक्कल केली." मग त्यानं रॉकेलचा बोळा घेतला आणि डाव्या अंगाचा कुंकवाचा थर पुसायला लागला. पाच-दहा मिनिटं पुसत होता. बोळा लाल झाला. खाली लोखंड आलं, आणि लोखंडावर खरा नंबर. कोराकरकरीत. चिंच तिथं पोचलीच नव्हती, कुंकवानं तो झाकून ठेवला होता. त्या नंबराचे शेवटचे तीन आकडे बोल्टावर होते, खालच्या झाकणावर होते, घोड्याजवळच्या लहानशा तुकड्यावरही होते.

"सगळे जुळतात," तो म्हणाला. "म्हणजे एकच रायफल, एकाच जन्माची, कुठला तुकडा बदललेला नाही. आणि जिचं साल तुमच्या कागदावर नंबर म्हणून चढलंय ती हीच. दुसरी रायफल नव्हतीच कधी. मी लिहून देतो तसं. सुटलात तुम्ही."

मी खुर्चीत मागं टेकले. सहा महिन्यांत पाठ टेकली नव्हती असं वाटलं. पाणी मागून प्यायले. पोलीस दारातून म्हणाला, "झालं का मावशी?" मी म्हटलं, झालं.

पण म्हाताऱ्याचं झालं नव्हतं. किंमत लिहायची तर चालते की नाही हे बघावं लागतं, म्हणून त्यानं बोल्ट उघडून काडतुसाला ठोका देणारी पिन बाहेर काढली. भिंगाखाली धरली. उजेडाकडं नेली. मग काडतुसांचा डबा ओढला आणि एकेक काडतूस बूड वर करून मांडलं.

"ह्या रायफलीतून गोळी सुटायची नाही," तो हळूच म्हणाला, पोलिसाला ऐकू जाणार नाही इतपत. "पिनेचं टोक घासलंय. कानशीनं नव्हे. दगडावर. थोडं थोडं, बऱ्याच वेळा. इतकंच ठेवलंय की बघणाऱ्याला टोक दिसावं. काडतुसाच्या बुडाची टिकली फुटायला पुरत नाही. कुणी केलं हे? ज्यानं केलं त्याचा हात बारीक होता."

माझ्या डोळ्यांसमोर परात होती, चिंचेचा कोळ होता आणि पाटा होता. आमच्या पाट्याच्या एका कडेला अरुंद खोबण आहे. चटणी तिथं अडकते, मी काडीनं काढत आले. पाट्याला टाकी लावायला बाई आली होती तेव्हा मी तिला म्हटलं होतं, ही खोबणही बुजवून दे. आत्याबाई म्हणाल्या होत्या, राहू दे.

"आणि हे," म्हातारा म्हणाला. पाच काडतुसांतलं एक त्यानं माझ्याकडं सरकवलं. चार काडतुसांची बुडं सपाट. पाचव्याच्या टिकलीवर मधोमध एक उथळ खळगा होता, मोहरीचा दाणा टेकावा एवढा.

"हे काय?"

"ह्याच रायफलीचा ठोका. काडतूस आत होतं. कुणीतरी घोडा ओढला. पिन पोचली, पण जेमतेम." त्यानं भिंग काढलं. "कशावर नेम होता ते मला दिसत नाही, ताई. एवढंच दिसतं."

खट. खटाक. आणि जरा वेळानं, टक.

रिकाम्या घोड्याला जरा वेळ लागत नाही. ते मला ठाऊक होतं, हजार वेळा ऐकलं होतं. आणि तरी तीस वर्षांत तो 'जरा वेळ' माझ्या लक्षात आला नव्हता. माझा हात आपोआप कमरेवर गेला, डाव्या बाजूला, जिथं मुलगी बसली होती. तिचं डोकं माझ्या खांद्याला टेकलेलं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता तो रागानं नव्हे. आणि तो शांत झाला तो मी नमतं घेतलं म्हणून नव्हे. तो भ्याला होता. ज्या माणसापुढं मी नमतं घेतलं, ज्याला भाकरी घातल्या, तांब्या भरून दिला, ज्याच्या दुखण्यात उशाशी बसले, त्यानं मला मारलं होतं. मी मेले नाही, एवढंच. मला त्याचा इतका संताप आला की तो मेलाय याचाच राग आला.

"पत्रात लिहू हे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मी पोलिसाकडं बघितलं. तो मोबाईलमध्ये हसत होता. "पाच काडतुसं, निकामी, एवढं लिहा," मी म्हटलं. आता कुणावर गुन्हा दाखल करणार होते?

त्यानं पत्र लिहिलं. स्वीडन, फौजी बनावट, नंतर फेरफार केलेली, बोअर साडेसहा, खरा नंबर अमुक, परवान्यावरचा नंबर म्हणजे बनावटीचं साल. संग्राहकाच्या दृष्टीनं किंमत नाही, वापराच्या दृष्टीनं किंमत नाही. खाली सही, शिक्का. ऑफिसनं ते मान्य केलं. मेजावरच्या माणसानं विचारलं, रायफल नावावर करून घ्यायची का. मी म्हटलं, तोडून टाका. तोडण्यासाठी सरकारजमा करायचा अर्ज मी तिथंच उभ्यानं लिहून दिला.

घरी येऊन मी पाटा उचलून अंगणात उन्हात ठेवला आणि त्या खोबणीत बोट फिरवलं. करंगळीचं नख बरोबर बसतं. दर खंडेनवमीला, पुरुष चहाला गेले की, थोडं थोडं. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासून त्या घासत असणार, तेव्हा हे माझ्यासाठी सुरू झालेलं नव्हतं. सासऱ्यांनाही रायफल साफ करायची सवय असेल. मला कुणी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. आत्याबाईंनी पिनेचं मलाही सांगितलं नाही, आणि त्याचा राग मला अजून आहे. सांगितलं असतं तर मी इतकी वर्षं भ्याले नसते. पण मी भ्याले नसते तर ते माझ्या तोंडावर दिसलं असतं, आणि त्यानं पिन तपासली असती. हा हिशेब त्यांनी केला असेल. मी उंबऱ्यात उभी होते तेव्हा त्यांनी मान वर केली नव्हती, कारण त्यांना ती टक ऐकून काय झालं ते कळलं होतं, आणि काय झालं नाही तेही.

मुलगी गाडी घेऊन न्यायला आली. घरात फार काही घ्यायचं नव्हतं. पाटा मागच्या सीटवर ठेवला तर ती म्हणाली, "आई, मिक्सर आहे ना तिकडं." मी म्हटलं, असू दे. तिला त्या दुपारचं काही आठवत नाही, आणि मी अजून सांगितलेलं नाही. सांगेन. तिच्या लग्नातला उपदेश आधी परत घ्यायचाय.

"चल, ऊन व्हायच्या आत निघू," ती म्हणाली.

मी गाडीत एक पाय टाकला होता, तो परत काढला. आत्याबाई मला त्या दिवशी थांब म्हणाल्या नव्हत्या. खाऊन जा म्हणाल्या होत्या. जाच म्हणाल्या होत्या, वाट मोकळी आहे, त्याच्या हातून आता काही होणार नाही, पोटात काहीतरी घाल आणि जा. मी निम्मंच ऐकलं.

आत जाऊन मी चुलीपुढं बसले. दुरडीत सकाळची भाकरी होती. चटणीशी सबंध खाल्ली, हात धुतले आणि गेले.